चार बोटं जास्त

गल्लीतल्या एकाही मुलाला मास्तरांनी कधी अंगाबरोबर कपडा शिवून दिला नाही. शाळेचा शर्ट शिवायला टाकला की तो मुलगा पहिलं वर्षभर शर्टात नुसता हरवलेला असे. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. बाकीचे शिंपी ती बोटभर सोडत, आपले मास्तर चार बोटं. "पोरगं वाढणार, कापड वाढणार नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. म्हणून अख्खी गल्ली त्यांना वाढीव मास्तर म्हणे, आणि दोन वर्षांनी उसवून वाढवलेला तोच शर्ट घालून पोरं मिरवत असत.

दुसऱ्यांच्या पोरांची एवढी पुढची काळजी वाहणारा हा माणूस, पण स्वतःच्या दुकानाचं काय, असं विचारलं की एकच शब्द: "बघू."

डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हाही बघू. मुलाने सुईदोऱ्याला कायमचा रामराम ठोकून नोकरी धरली तेव्हाही बघूच. आणि ज्या सुनेने लग्न होऊन आल्यापासून दुकानातलं दुसरं मशीन चालवलं, काजं केली, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, तिनेही किती वेळा विचारलं, "बाबा, पुढे काय करायचं?" तिलाही तेच. कात्रीला मात्र हात लावू देत नसत. बेतणं त्यांचं, शिवणं तिचं. तसंही कापड बेतायचं ते जुनं टेबल त्यांच्या ताडमाड उंचीच्या मापाने केलेलं होतं. ती त्याच्यापुढे उभी राहिली की हनुवटी टेकून झोप काढावी, एवढंच तिला जमलं असतं.

शेवटी तिने कपड्यांच्या कारखान्यात विचारून ठेवलं. त्यांना देखरेखीला बाई हवीच होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. सासूबाईंना तिने सांगितलं होतं, मास्तरांना नाही. त्या शनिवारी सकाळी हात जोडून ती देवाला म्हणाली, "तुझ्या मनात काय आहे ते तूच दाखव बाबा. या घरात कुणी तोंड उघडत नाही."

दुपारी सुतार हातगाडीवर कोरंकरकरीत टेबल घालून आला. तिने मशीन थांबवलं. म्हणजे मास्तर अजून वीस वर्षं स्वतःच बेतणार होते तर! झालं, आता होच कळवायचं.

जुनं टेबल बाहेर निघालं, नवं आत आलं, आणि मास्तर त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. त्यांना कमरेत पार वाकावं लागत होतं.

"अहो सुतारदादा, हे काय करून ठेवलंत? बाबांची कंबर मोडेल ना!"

"मला नका बोलू, ताई. माप मास्तरांनीच दिलंय."

"कुणाचं?"

सुताराने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खडूचा तुकडा शोधायला लागले. तो त्यांच्या कानावरच होता.

"तुमचंच की," सुतार म्हणाला. "सुनेच्या कोपराएवढं कर म्हणाले."

ती हळूच टेबलापुढे गेली आणि कोपर टेकवायला लागली. कोपर काही पुरेना. खांदे थेट कानाला लागले.

"पण बाबा, मलाही उंचच होतंय!"

"त्यांनीच सांगितलं," सुताराने हात झटकले. "चार बोटं जास्त ठेव म्हणाले. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, असू दे."

सासूबाई आतून हात पुसत आल्या आणि दारातच हसत सुटल्या. "अहो, चाळिशीला टेकली ती! आता काय शाळेत घालायचीय? कुठली वाढणार?"

"कमी करता येतं," मास्तर पुटपुटले. "तोकडं झालं तर लाकूड कुठून जोडायचं?"

"एवढं सगळं मनात होतं, तर बोलायला काय झालं होतं?" सासूबाई म्हणाल्या. "ती आज कारखान्यात हो कळवायला निघालीय, माहितीये का तुम्हाला?"

मास्तरांचा चेहरा उतरला. एवढं पुढचं बघणाऱ्या माणसाला आजची संध्याकाळ दिसली नव्हती.

सून हसली नाही. हसू आलं होतं, पण तिने ते गिळलं. "बाबा, टेबल माझ्या मापाचं केलंत. पण टेबल काही बोलत नाही. तुम्ही बोला. कात्री कुणाची?"

मास्तरांनी तोंड उघडलं. सासूबाईंनी बोट वर केलं. "बघू म्हणालात तर बघाच!"

मास्तरांनी खणातून मोठी कात्री काढली, कपाळाला लावली आणि नव्या टेबलावर सुनेच्या बाजूला ठेवली. "तुझी. आणि दुकानही. मी बटणं लावीन."

"कधीपासून?"

"सोमवार... नाही, आजच. तू कळवून टाक त्यांना. नाही म्हणून."

तिने पदराने डोळे टिपले आणि सुताराकडे वळली. "दादा, करवत आणलीय ना? चारही पाय चार-चार बोटं कापा."

"अरे, तीनच काप," मास्तर घाईघाईने म्हणाले. "एक बोट असू दे."