आत्याचं वावर

पवनारच्या अलीकडे बसमधून उतरलं की डाव्या हाताला आत्याचं वावर लागायचं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवऱ्याने टाकल्यावर ती माहेरी परतली आणि आजोबांनी ही दोन एकर तिला कसायला दिली. गावात कोणालाही विचारा, ते आत्याचंच वावर. कपाशी, मधे तुरीच्या ओळी, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडी. हिवाळ्यात मी शाळेतून थेट तिकडे जायची. ती तीन दगडांवर मडकं ठेवून तुरीच्या शेंगा उकडायची आणि मी मिठासकट बोटं चाटायची. तसं सुख मला पुढे कुठल्याच घरात मिळालं नाही, हे नवऱ्यालाही सांगून झालंय.

मी पाचवीत असताना एका दुपारी तिने पदराखालून सातबारा काढला. बाबांच्या पिशवीतून उचलून आणलेला. तिला वाचता येत नव्हतं.

"पाय बरं, माह्यं नाव हाये का याच्यात?"

नव्हतं. एकट्या बाबांचं होतं. पण ती इतक्या आशेने बघत होती की खरं सांगायला माझी जीभच वळेना.

"हाये नं," मी म्हणाले.

तिने कागद कपाळाला लावला आणि गुपचूप परत नेऊन ठेवला. त्या दिवशी शेंगा मला जास्त मिळाल्या. मी त्या चवीने खाल्ल्याही.

आई गेली, मागोमाग बाबा गेले. रस्त्यालगतचं म्हणून भावाने नेमकं तेच वावर विकायला काढलं आणि सहीसाठी मला बोलावून घेतलं. गिऱ्हाईक ओसरीत चहा पीत असताना आत्या आली. अगदी शांत होती.

"इकणारा हा कोण? कागदावर मी हाये. हिनंच वाचून दाखोलं मले."

भाऊ हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी खोटं बोलले होते, हे चारचौघांत कबूल करावं लागलं.

आत्या खाली बसली. "तवाच सांगतलं असतं, तर तुह्या बापाले हात धरून तलाठ्याकडे नेलं असतं," ती म्हणाली. "तो होता तवा."

मी सही केली नाही. बाबांच्या जमिनीत माझाही हिस्सा होता, आणि हक्कसोड करून देणारी गरीब बहीण होण्याची हौस तिथेच संपली. भावाशी वर्षभर बोलणं बंद. शेवटी माझ्या वाट्याला तेच वावर घेतलं आणि बक्षीसपत्र करून आत्याला दिलं. यात माझा मोठेपणा काही नाही, मीच घातलेला घोळ निस्तरत होते.

परवा नवा सातबारा काढायला आम्ही दोघी सेतू केंद्रात गेलो. कागद निघाला, मी वाचायला हातात घेतला. आत्याने तो माझ्याकडून काढून खुर्चीवरच्या मुलीपुढे धरला.

"तू वाच, बाई. हिच्या वाचण्यावर माह्या भरोसा नाई."

मुलीने तिचं नाव वाचलं. आत्याने पुन्हा वाचायला लावलं. मी बाजूला उभी राहून ऐकत होते.