मावशीच्या टेपचे बारा तास

माझ्या मावशीचं कपडे शिवायचं दुकान आहे, आणि मशीनशेजारी पृथ्वीचा एक गोल. मुलं परदेशी गेलेल्या आया विचारायच्या, "किती लांब हो?" मावशी गोलावर टेप ताणायची. "सात हजार किलोमीटर. आठ तास. हा काय, इथल्या इथे!" हिशेब साधा होता. बाबा गेल्यावर आई माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे, जगाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. एकदा ती इकडे आली तेव्हा विमानाला बारा तास लागले होते. गोलावर ते अंतर पंचवीस सेंटिमीटर भरलं. बाकी सगळी पृथ्वी मावशीने त्यावरूनच मापली.

मग आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. "चारला आत नेणार आहेत. त्याआधी तुझं तोंड दिसू दे, बस्स," आई फोनवर मावशीला म्हणाली.

"दोनला तुझ्यापाशी असेन, अक्का."

मी आदल्या दिवशीचं विमान सुचवलं, पण मावशीच्या हातातले पाच कोट पुरे व्हायचे होते. आमच्या तिकिटावर उतरायची वेळ तिथले तीन होती, मावशीच्या हिशेबाने एक. "अरे, आपण शिवणीत दोन बोटं जास्त ठेवतो, तसे हे विमानवाले वेळेत ठेवतात. माप इकडून घे नाहीतर तिकडून, तेवढंच भरतं!" तिच्यापुढे बोलायची माझी काय टाप?

भर दुपारी निघालो. खिडकीखाली बर्फ सुरू झाला तो तीन तास संपेना. मग समुद्र, मग एकही घर नसलेले डोंगर. मनगटावरच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजले आणि बाहेर ऊन तसंच लख्ख. मावशीने काचेला नाक लावलं ते काढलंच नाही. "अरे, केवढी ही पृथ्वी! संपतच नाही रे!" मीही आ वासून बघत होतो. आपण किती चिमुकले आहोत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

अकरा तास झाले तशी ती पिशवी मांडीवर घेऊन तयार बसली. हवाई सुंदरी हसली. "अजून तीन तास, आजी. तिकडे जाताना वारा समोरून असतो, येताना पाठीमागून."

"वारा?" मावशीचा चेहरा पडला. माझा हात तिने घट्ट धरला. "अक्काला नेतील रे आत."

मला तिचा राग आला होता, पण मी हात सोडवून घेतला नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. ऑपरेशनच्या दाराशी आईची खाट अडली होती. आईने भिंतीचा कठडा मुठीत धरला होता. डॉक्टर घड्याळ बघत उभे होते, आणि दादा त्यांना हात जोडत होता.

"उशीर केलास," आई म्हणाली.

मावशीने तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं. "एवढ्या लांब तू एकटी आलीस, अक्का? आणि मला कधी बोललीसुद्धा नाहीस."

आई नुसती हसली. मग मावशीनेच एकेक बोट करून तिची मूठ कठड्यावरून सोडवली, आणि खाट आत गेली.