व्हय सरांचं जंगल

मंगळवार पेठेतल्या अंबादास सरांना उभ्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणता आलं नव्हतं. नन्नाचा पाढा त्यांच्या पाटीवर कधी उमटलाच नाही. कसबा बावड्याच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, पण गणिताचे मास्तर रजेवर गेले की गणित शिकवायचे, आणि शिपाई लग्नाला गेला की घंटाही द्यायचे. पोरांनी त्यांचं नाव 'व्हय सर' पाडलं. पुढं त्या पोरांची पोरंही तेच म्हणू लागली. त्यांची बायको कालिंदीबाई सांगायच्या, "बघायला आले तेव्हा मुलगी पसंत म्हणाले. पण त्यात कसलं कौतुक? चहात साखर कमी आहे का विचारलं तर हो, आणि जास्त आहे का विचारलं तरी हो."

अशा माणसाला निवृत्तीनंतर स्वतःचं म्हणून एकच काहीतरी हवंसं वाटलं, ते म्हणजे जंगल. वर्गाच्या खिडकीतून बावड्याचा नदीकडचा उघडाबोडका माळ दिसायचा. त्याच्याकडं बघत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना झाडं काढायला शिकवली होती. कागदावर हजारो झाडं उगवली, मातीत एकही नाही. हे त्यांना फार लागलं होतं.

सर वन खात्यात गेले, तेव्हा तिथं नव्यानं आलेल्या अदिती मॅडम म्हणाल्या, "रोपं देते, कुंपण देते. पण माळ जे जे वापरतात त्या सगळ्यांना विचारून आराखडा काढा. रविवारच्या बैठकीत मी येते. गावाचं जमलं तर याच पावसाळ्यात जंगल लावू. नाही जमलं तर रोपं दुसऱ्या गावाला जातील."

कुणाकुणाला विचारायचं हे मॅडमना बरोबर ठाऊक होतं. विचारायला कुणाला पाठवू नये, एवढंच ठाऊक नव्हतं.

आराखड्याला मोठा कागद मिळेना, तेव्हा तालमीचा अध्यक्ष विश्वजित धावून आला. त्यानं आपल्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स दिला. सरांनी त्याच्या कोऱ्या बाजूवर करंज, जांभूळ, वड, बहावा अशी दाट झाडी काढली. इतकी सुंदर, की त्यावर पाखरं येऊन बसायची तेवढी बाकी होती.

"सर, जंगल करा की. जगात भारी करा," विश्वजित म्हणाला. "फकस्त मधी आमचं फुटबॉलचं मैदान तेवढं ऱ्हाऊ द्या."

"व्हय," सर म्हणाले, आणि त्यांनी जांभळं पुसली.

बचत गटाच्या वर्षाराणी माळावर पापड वाळवायच्या. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. "जंगल पायजेच, सर. पर सावली पडणार न्हाय असं करा."

"व्हय." करंज गेले.

भजनी मंडळाला पार हवा होता, पण त्यावर झाड नको, कारण पाखरं तबल्यावर घाण करतात. सरांनी पार काढला आणि वड पुसला.

शेवटी अंबूबाई. या बाईंनी आजवर कुणालाही 'व्हय' म्हटलं नव्हतं. नवऱ्याला नाही, डेअरीवाल्याला नाही, आणि यमानंही येताना विचार करूनच यावं. दिवाळीच्या पाडव्याला त्यांची बिजली म्हैस शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून, सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलमागं अशी धावायची की अख्खं बावडं शिट्ट्या मारायचं. तिचा सराव याच माळावर चालायचा.

"बिजलीला सरळ रस्ता लागतोय मधनं," अंबूबाई म्हणाल्या. "वळायला जागा लागती. आन बघणाऱ्यास्नी हुबं ऱ्हायला दोन्ही अंगाला."

"व्हय, व्हय," सर म्हणाले आणि उरलेला बहावा पुसला.

शनिवारी त्यांनी आराखडा कालिंदीबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा फ्लेक्स पाहिला. "छान. झाडं कुठं आहेत?"

सरांनी बराच शोध घेऊन कोपऱ्यात बोट ठेवलं. "हे एक आहे की."

"तो डाग आहे. तुमचा चहा सांडलाय." कालिंदीबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भीड भिकेची बहीण! उद्या एकाला तरी नाही म्हणा. माझ्यावर सराव करा हवं तर. माझ्या भावाकडं सत्यनारायणाला याल का?"

"हो," सर म्हणाले. कालिंदीबाईंनी कपाळावर हात मारला.

रविवारी बैठक तालमीत भरली. पोरांनी फ्लेक्स उलटा टांगला, त्यामुळं आधी गॉगल घातलेल्या विश्वजितचं दर्शन झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाजू पालटली. जो तो आपापली जागा पाहून खूश झाला, आणि विश्वजित ओरडला, "एकमतानं मंजूर!"

"मंजूर काय?" अदिती मॅडम म्हणाल्या. "यात झाड लावायला जागाच नाही. मग मी रोपं दुसरीकडं देते." त्यांनी पर्स उचलली.

सरांनी फ्लेक्सकडं पाहिलं. शाळेची खिडकी आठवली, तो बोडका माळ आठवला. तेवढ्यात अंबूबाई उठल्या. "जाऊ द्या की मॅडमास्नी. सर, तुमी तेवढा म्हशीचा रस्ता आनखी जरा रुंद करा. करताय न्हवं?"

सगळी तालीम 'व्हय' ऐकायला थांबली. सरांनी तोंड उघडलं.

"न्हाय!"

आवाज एवढा मोठा निघाला की खुद्द सर दचकले. पण आता बांध फुटला होता. वर्गात एक 'व्हय' सोडलं तर जन्मभर शुद्ध बोललेल्या माणसाच्या तोंडून अस्सल बावड्याची बोली बाहेर पडली. "न्हाय म्हंजे न्हाय! रुंद सोडा, मधनं रस्ताच ऱ्हाणार न्हाय! तुमची बिजली पळती पाडव्याला, आन माळ भाजतोय बारा म्हयनं! पापड गच्चीवर वाळवा! विश्वजित, तुझ्या टीमला गोल मारता येत न्हाय, मैदान कशाला पायजे? आन पाखरं घाण करत असतील तर तबल्याला टोपी घाला!"

अंबूबाई पदर खोचून पुढं आल्या. सर दोन पावलं मागं सरले.

"आत्ता कसं!" अंबूबाई म्हणाल्या. "अवो, तुमी नुस्तं व्हय-व्हय करत सुटलायसा, आमाला वाटलं ह्यास्नी काय करायचंच न्हाय. ज्याला खरंच पायजे असतंय, त्यो भांडतोय की! जंगल पायजे हुतं तर आदी बोलायचं न्हाय व्हय?"

मग बैठक खरी सुरू झाली, म्हणजे सगळे एकदम ओरडू लागले. चहाच्या दोन किटल्या संपेपर्यंत भांडणं झाली. वणवा आत शिरू नये म्हणून कुंपणाच्या बाहेरून मोकळी पट्टी सोडावीच लागते, असं अदिती मॅडमनी सांगितलं, आणि बिजलीला ती पट्टी मिळाली. भजनी मंडळानं कुरकुरत का होईना वड कबूल केला. पापड गच्चीवर गेले, मैदान रद्द झालं. विश्वजित गोलाच्या बाबतीत अजून रागावलेला होता, तरी खड्डे खणायला तालमीची सगळी पोरं घेऊन आला.

रोपं लागली. सरांनी स्वतःच्या हातानं एक जांभूळ लावलं आणि रोज त्याच्यापाशी जाऊन उभं राहू लागले. एके सकाळी बघतात तर बिजलीनं कुंपणावरून मान घालून जांभळाचा शेंडा खाल्लेला, आणि वर ती शांतपणे रवंथ करतेय.

"अंबूबाई!" सर गरजले. "उद्यापास्नं हिला मुसकं बांधून आणायचं! आन ह्या रोपाला पाणी तुमी घालायचं, रोज!"

अंबूबाईंनी बिजलीकडं पाहिलं, शेंडा गेलेल्या रोपाकडं पाहिलं. मग पदर सावरून खाली मान घालून म्हणाल्या, "व्हय, सर."