सरोजिनीकाकूंची कडी

मी मूळचा नाशिकचा. म्हैसूरला डिझाइन शिकवतो, म्हणजे नळ, खुर्च्या, चमचे डोळे उघडे ठेवून कसे बघावेत ते मुलांना सांगतो. माझी नजर तयार आहे, असं चारचौघांत मीच सांगत असे. आता ते आठवलं की जीभ चावतो.

तिथल्या अग्रहार या जुन्या वस्तीत सरोजिनीकाकूंच्या घरात वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. जाण्यायेण्याची वाट त्यांच्या पुढच्या खोलीतूनच. खाली काकू आणि त्यांचे यजमान गंगाधरराव, निवृत्त बस कंडक्टर. काकू सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार, तरी पुढच्या दाराची आतली कडी उंबऱ्यापासून जेमतेम वीतभर वर. कुणी आलं-गेलं की चौकट धरून ‘अय्यो’ म्हणत वाकायच्या. दारावर वरपर्यंत जुन्या कड्यांची भोकं होती. कुठल्या गबाळ्या सुताराचं काम, असं म्हणून मी नाक मुरडत असे.

एका शनिवारी काकू भाजीला निघाल्या. “सर, अर्धा तास यांच्याजवळ बसा की,” म्हणाल्या. मला आयतीच संधी मिळाली. कडी उचकटून छातीच्या उंचीवर बसवली, भोकं पुट्टीने बुजवली. स्क्रू गंगाधररावांनीच धरले होते, अगदी मन लावून. काकू परतल्या आणि दाराकडे बघत राहिल्या.

“आता वाकायचं काम नाही!” मी म्हणालो.

“चांगलं केलंत की,” म्हणत त्या पिशवी घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या सकाळी त्या आंघोळीला गेल्या आणि गंगाधरराव कडी काढून निघून गेले.

दुपारी चारला सापडले. बस स्टँडवर, तलकाडच्या गाडीत, अनवाणी, लोकांना तिकिटं विचारताना. काकू त्यांच्या सोललेल्या पायांना खोबरेल लावत बसल्या, तेव्हा कुठे मला सगळं कळलं. तीन वर्षांपासून गंगाधररावांना रोज सकाळी ड्यूटीवर जायचं असतं. काकूंनी कडी वर लावली, त्यांनी काढली. आणखी वर लावली, त्यांनी स्टूल घेतलं. चार जागा फुकट गेल्या.

“खाली मात्र हे बघत नाहीत,” काकू म्हणाल्या. “गल्लीत कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही.”

“मग काल का नाही बोललात?”

“कसं बोलू, सर? किती खुशीत होतात तुम्ही. म्हटलं, सोमवारी सुताराला बोलवू.”

तेवढ्यात बेंगळुरूहून त्यांच्या मुलाचा, शरतचा फोन आला; वडील हरवल्याचं काकूंनी त्याला सकाळीच कळवलं होतं. काकूंचे हात तेलाचे, म्हणून फोन स्पीकरवर.

“अम्मा, कडी लावली नव्हती?”

“विसरले रे.”

“मग तुझ्यानं आता होत नाही. पुढच्या रविवारी येतो, अप्पांना इकडे वृद्धाश्रमात ठेवतो.”

काकूंचा हात गंगाधररावांच्या पावलावर तसाच थांबला. आणि मी? खरं सांगतो, चला, आपलं नाव आलं नाही, असंच आधी मनात आलं. त्या क्षणाची लाज मला जन्मभर पुरेल.

काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते सहन होईना. मी फोनजवळ गेलो. “शरत, काकू विसरल्या नाहीत. कडी मी हलवली.”

“कुणाला विचारून?”

“कुणालाच नाही.”

मग तो म्हणाला, “अम्मा, अप्पा राहू देत तुझ्याजवळ. कडी मात्र आजच खाली घे.”

काकूंनी गंगाधररावांना आत नेलं. मी पुट्टी खरवडली, स्क्रू काढले, दाराशी गुडघे टेकून बसलो. जागा मला पाठ होती. तरी उठलो, आतल्या दाराशी गेलो.

“काकू, नेमकी कुठे लावू?”

“होती तिथंच,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि यांना दिसू देऊ नका.”