शिवाच्या आईची कमेंट

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात सेनगावच्या जीपगाड्या थांबतात, तिथून आत वळलं की तिसरं घर सुमनबाई कावरखेंचं. समोरच्या खोलीत पिठाची गिरणी आहे. बावीस वर्षं झाली, ती सुमनबाईच चालवतात. नवरा दगडोबा शेतीकडं बघतो. पट्ट्याच्या आवाजानं त्याचं डोकं धरतं, म्हणून तो दिवसा घरात फारसा थांबत नाही. सुमनबाई चौथी शिकलेल्या. अक्षराला अक्षर लावून वाचतात, पण वाचतात. लोकांच्या डब्यांवरची नावं वाचावी लागत असल्यामुळं त्यांचं वाचन सुटलं नाही.

या बाईला अमेरिकेतल्या दहा-बारा बास्केटबॉल खेळाडूंची नावं पाठ होती. गावात कुणाला ते माहीत नव्हतं.

नावं कळली मुलामुळं. शिवशंकर, घरचा शिवा, दहावीतच सहा फुटांच्या वर गेला. नांदेडला कॉलेजात त्याची उंची बघून तिथल्या सरांनी त्याला मैदानावर नेलं. दोन वर्षांत तो विद्यापीठाच्या संघात आला आणि तिसऱ्या वर्षी एका सामन्यात पडून त्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. चालणं पूर्वीसारखं झालं, उडी मात्र गेली. पुढं पुण्यात एका कंपनीत त्याला नोकरी लागली. सुट्टीच्या दिवशी तो खोलीत मोबाईल समोर ठेवून बास्केटबॉलबद्दल बोलायचा आणि ते यूट्यूबवर टाकायचा. पुण्याचं मराठी त्याला जमलं नाही, की त्यानं जमवलं नाही, कोण जाणे. गोरेगावात बोलायचा तसंच तिथं बोलायचा. 'हा गडी काहून मोठा, ते सांगतो' अशी त्याची सुरुवात असायची. लोकांना ते आवडलं. हळूहळू बघणारे वाढले.

सुमनबाई त्याचा एकही व्हिडिओ सोडत नसत. नवा आला की गिरणी बंद करायच्या. दळणाला आलेल्या बायकांना सांगायच्या, दगड तापले आहेत, जरा दम धरा. मग पोत्यावर बसून स्क्रीनवरचं पीठ पदरानं पुसायच्या आणि फोन कानाशी धरून ऐकायच्या. खेळ त्यांना कळायचा नाही. पण मुलगा कुठं थांबतो, कुठं त्याचा आवाज चढतो, हे कळायचं. फोनवर तो दोन मिनिटांच्या वर बोलत नसे. इथं वीस-वीस मिनिटं बोलायचा.

यंदा संक्रांतीच्या आठवड्यात त्यानं एक व्हिडिओ टाकला. आजवरचा सगळ्यात मोठा बास्केटबॉल खेळाडू कोण? बहुतेक लोक मायकल जॉर्डनचं नाव घेतात, असं सांगून त्यानं जॉर्डनच्या सहा विजेतेपदांचा मान ठेवला. मग म्हणाला, तरी मी लेब्रॉन जेम्सच म्हणणार. विजेतेपदं चारच, पण जॉर्डन मधेच खेळ सोडून गेला होता, आणि वीस वर्षांच्या वर हा माणूस मैदानावर उभा आहे, आणि सगळ्यात जास्त गुणही त्याचेच. गुडघा, कंबर, वय, सगळं सांभाळून रोज उभं राहणं याला मी मोठं म्हणतो, असं त्यानं सांगितलं. 'गुडघा' म्हणताना तो किंचित थांबला. ते फक्त सुमनबाईंना कळलं असावं.

तो व्हिडिओ लाखाच्या वर लोकांनी पाहिला. सुमनबाईंची मुलगी कोमल डोंगरकड्याला दिलेली आहे. तिनं फोन करून कौतुक केलं आणि जाता जाता सांगितलं, की खाली लोकांनी जे लिहिलंय ते वाचत बसू नको. तोवर खाली लोक काही लिहितात हेच सुमनबाईंना ठाऊक नव्हतं. फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी ते शोधून काढलं.

पहिल्या काही ओळी चांगल्या होत्या. मग कुणी लिहिलं होतं, आधी मराठी शिक. कुणी लिहिलं होतं, कधी बॉल हातात धरलाय का. त्याच्याखाली शिव्या होत्या, आणि सगळ्या आईवरून. सुमनबाईंनी एकेक अक्षर जोडून त्या पूर्ण वाचल्या. भराभर वाचणाऱ्याला असलं काही टाळून पुढं जाता येतं. त्यांना ते जमणारं नव्हतं. शब्द शेवटापर्यंत लावल्याशिवाय तो शिवी आहे हे कळतच नव्हतं.

दुपारी दगडोबा जेवायला आला तेव्हा त्यांनी त्याला विचारलं. त्यानं भाकरीवरून नजर काढली नाही.

"ते त्यायचं बोलणं हाय. तुला न्हाई म्हणत ते."

"मग कोणाला म्हणतेत? त्याची माय मीच हाय ना?"

पाणी पिऊन तो शेताकडं गेला.

त्यांनी शिवाला फोन केला. तो म्हणाला, तिकडं असंच असतं, लोक जॉर्डनसाठी भांडतात आणि दोन दिवसांत विसरतात. आवाज नेहमीसारखाच होता, पण त्यानं सगळं वाचलंय हे त्यांना समजलं. तू वाचू नको, असं तो तीनदा म्हणाला.

दोन दिवस गेले, कुणी काही विसरलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारची प्रियंका गव्हाचा डबा घेऊन आली. ती हिंगोलीला कॉलेजात जाते. सुमनबाईंनी तिला विचारलं, इथं आपल्याला काही सांगायचं असेल तर कसं सांगायचं. लिहायला वेळ लागत असेल तर या माइकवर बोट ठेवून बोला, मोबाईल आपोआप लिहितो, असं प्रियंकानं दाखवलं. कशासाठी, हे तिनं विचारलं नाही. तिला जीप गाठायची होती.

ती गेल्यावर सुमनबाईंनी दार लोटलं आणि फोन तोंडाजवळ धरला. त्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तशा मोठ्यानं बोलल्या. मोबाईलनं लिहिलं ते असं होतं:

'मी शिवाची आई आहे माझ्या लेकाला शिव्या देऊ नका त्यानं अभ्यास करून सांगितलं तो दुसरा माणूस मधीच खेळ सोडून गेला होता लिंबू रान बावीस वर्ष एका जागी काम करून राहिला तुमी करून दाखवा'

त्यांनी ते एकदा वाचून पाहिलं. लेब्रॉन हे नाव त्यांनी कानांनी ऐकलेलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. असंच लिहीत असतील, असं त्यांना वाटलं. त्यांनी पाठवायचा बाण दाबला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि त्यांनी गिरणी सुरू केली.

संध्याकाळपर्यंत त्यांच्या ओळीखाली दोनशे लोकांनी लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सातशे झाले. बहुतेक नुसते हसणारे चेहरे होते. लिंबू रानात किती लिंबं लागतात, असं एकानं विचारलं होतं. एकानं हिशेब मांडला होता, की लेब्रॉननं संघ तीनदा बदलला, एका जागी कुठं? हे सुमनबाईंना माहीत नव्हतं. मुलानं ते कधी सांगितलं असेल तर खोळंबलेल्या बायकांच्या गलक्यात राहून गेलं असेल. मग कुणीतरी शिवानं सुट्टीत गावाकडं केलेल्या एका जुन्या व्हिडिओतून गिरणीचा फोटो काढला. दारात पिठानं पांढऱ्या झालेल्या सुमनबाई, आणि वर लिहिलेलं 'लिंबू रानची प्रवक्ती'. तो फोटो कोमलच्या सासरच्या ग्रुपवर पोचला.

शिवाचा फोन आला. तो रागावला नाही. रागावला असता तर सुमनबाईंना रडता आलं असतं.

"आई, ते काढून टाक."

"कसं काढू ते सांग, आताच्या आता काढते."

त्यानं सांगितलं. त्यांनी चुकीचं काहीतरी दाबलं, फोन बंद पडला. शेवटी प्रियंका येईपर्यंत थांबावं लागलं. प्रियंकानं ते काढून टाकलं आणि खालमानेनं सांगितलं, की इथलं गेलं, पण लोकांनी त्याचे फोटो काढून ठेवलेत. ते आपल्याला काढता येत नाहीत. सुमनबाईंनी विचारलं, कुणाला सांगितलं तर निघतील? पोलिसांना? प्रियंकानं फोन त्यांच्या हातात परत दिला.

आठवड्यानं शिवा घरी आला. कंपनीतले लोक त्याला लिंबूरान म्हणून हाक मारायला लागले होते. हे त्यानं सांगितलं नाही, कोमलकडून कळलं. तो दोन दिवस राहिला. पहिल्या दिवशी झोपला. दुसऱ्या दिवशी गिरणीत पोत्यावर येऊन बसला आणि लहानपणी करायचा तसं बायकांचे डबे वजन करून ठेवायला लागला. त्याची उंची अशी, की बसल्यावरही गुडघे वर यायचे. सुमनबाईंना माफी मागायची होती. पण मुलाची माफी कशी मागतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. दळण संपलं, बायका गेल्या, त्यांनी पट्टा थांबवला आणि विचारलं,

"शिवा, त्या दोघायमंदी खरंच मोठा कोण रे?"

त्याला बोलतं करावं, एवढाच त्यांचा विचार होता. याच प्रश्नावर तो वीस मिनिटं बोलला होता. आताही बोलेल, त्या ऐकतील, या वेळी नीट ऐकतील.

त्यानं बराच वेळ हातावरचं पीठ झटकलं.

"आता मला न्हाई माहीत, आई."

"काहून? तू तर एवढं सांगितलंस."

"सांगितलं तवा माहीत होतं."

सकाळच्या जीपनं तो हिंगोलीला गेला आणि तिथून पुण्याला. त्यानंतर त्यानं एकही व्हिडिओ टाकला नाही. चॅनल बंदही केलं नाही. तो शेवटचा व्हिडिओ अजून तसाच आहे. सुमनबाई तो उघडून बघतात. खाली अजून रोज कुणी ना कुणी लिहितं. जॉर्डनवाले आणि लेब्रॉनवाले आता एकमेकांशीच भांडतात. शिवाचं नाव कुणी घेत नाही. ज्यानं भांडण सुरू केलं त्याची त्या भांडणाला गरज उरलेली नाही. माइकचं चित्र तिथंच असतं. सुमनबाई त्याच्यावर बोट पडू नये म्हणून फोन कडेनं धरतात.

रविवारी त्या शिवाला फोन करतात. जेवलास का, पाऊस हाय का तिकडं, गुडघा दुखतो का. तो उत्तरं देतो. मागच्या रविवारी बोलता बोलता त्यांना मागं चेंडू आपटल्याचा आवाज आला. एका लयीत, थांबून थांबून.

"खेळून राहिलास का?"

"न्हाई. खाली पार्किंगमंदी पोरं हायत."

आवाज चालूच होता. त्याच्या खोलीतून येतोय की खालून, हे त्यांना ठरवता येईना. पुन्हा विचारावं असं वाटलं, पण विचारलं आणि तो आवाज थांबला तर, म्हणून त्यांनी विचारलं नाही. ठेव मग, असं तो म्हणाला. त्यांनी बरं म्हटलं आणि त्यानं ठेवेपर्यंत फोन कानाला लावून उभ्या राहिल्या.