फोन कोणाला जावा

आमची कंपनी सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलना ऑर्डरी सांभाळणारं सॉफ्टवेअर पुरवते. ते क्लाउडवर तुकड्यातुकड्यांनी चालतं, आणि प्रत्येक तुकड्यापुढे दोन रकाने असतात: जबाबदारी कोणाची आणि बिघडलं तर फोन कोणाला. ते भरून घेणं माझं काम. कंटाळवाणं आहे, पण तेच चुकलं तर बाकी सगळी हुशारी पाण्यात.

माल बाहेर न्यायला लागणारी चलनं बनवणारा तुकडा एका नव्या मुलीकडे होता. आईवडील धुळ्याकडून लूमच्या कामाला आलेले, ऑफिसात बसणारी घरातली ती पहिलीच, आणि नोकरी अजून पक्की व्हायची होती. एका सकाळी नवा कोड चढवला आणि चलनं निघेनात. मिलच्या दारात टेम्पो खोळंबले. यंत्रणेने आपोआप फोन केला होता, कोणीतरी एक आकडा दाबून 'कळलं' असं सांगितलंही होतं. त्यामुळे यंत्रणेने पुन्हा फोन केला नाही.

एक दाबला होता तिच्या आईने. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर घरचा नंबर द्यायची सवय, इथेही पोरीने तोच दिला. बारीकसारीक इशाऱ्यांचे फोन नेहमीच जायचे. आईला वाटे, पोरीच्या कंपनीचा फोन. ती मान देऊन ऐकायची, शेवटी हिंदीत सांगत तसा एक दाबायची. पोरीला सांगावं असं त्यात तिला काही वाटलं नाही.

"कोनी भूल छे आ?" चूक कोणाची म्हणून आमचे गुजराती शेठ गरजले. मुलगी रडवेली झाली. माझं डोकंच फिरलं.

"रकान्याची! एकच नंबर मागतो आपण. हिला काढायचं असेल तर मलाही मोकळं करा."

शेठ केबिनकडे परतले. मी घरचा नंबर काढून तिचा मोबाइल घातला, त्यामागे आणखी दोघांचे नंबर लावले. मुलगी राहिली; घरी आईला तिने यातलं काही सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी तिची आई विसरलेला डबा घेऊन आली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ताई, आते कंपनीना फोन येत नही. मनी पोरले काढी टाकं का? ती रोज तयार व्हईसन निंघस. मी काही इचारत नही."

मी तिला हाताला धरून आत नेलं. काचेपलीकडे मुलगी स्क्रीनवर बोट ठेवून कोणाला तरी काहीतरी समजावत होती. मी हाक मारणार, तोच आईने माझा हात ओढला.

"बलावू नका," ती म्हणाली. "काम करी ऱ्हायनी ती."