समोरच्या गॅलरीतली प्रार्थना

गिरणीत मी आणि माझा एक ख्रिस्ती सोबती शेजारच्या साच्यांवर कापड विणायचो. साच्यांच्या खडखडाटात काही ऐकू येत नसे, म्हणून सगळे एकमेकांचे ओठ वाचूनच बोलत. त्या सवयीने तो प्रार्थनाही बिनआवाजाची करायचा. डिलाईल रोडच्या चाळीत त्याची खोली माझ्या समोरच होती. सकाळी दात घासून झाले की गॅलरीचा कठडा धरून तो येशूशी बोलायला लागे. हात जोडणं नाही, डोळे मिटणं नाही. "काल सांगितलेलं विसरलास ना?" असं थेट भांडणच. मला सगळं वाचता यायचं, आणि चोरून ऐकल्यासारखं वाटायचं.

पुढे गिरण्यांचा संप झाला; तो फार लांबला तेव्हा मी गुपचूप कामावर गेलो. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. जिन्यात भेटला की भिंतीकडे बघायचा. मीही शरमेने दार लावून बसू लागलो.

त्यातच माझी मुलगी तापाने फणफणली. सकाळी दार उघडलं, तर तो कठड्याशी उभा होता. चेहऱ्यावर राग तसाच, पण ओठ हलत होते.

"त्याची पोर आजारी आहे. मी त्याच्या दारात पाय ठेवणार नाही. तू जा."

मी गणपतीवाला माणूस. पण त्या दिवशी मी दार लावलं नाही.